गव्हाची उकड

चोंगा म्हणजे काय हे ज्याला सांगावं लागतं तो माणूस कोल्हापूरचा नव्हे. पण लिहायला बसलोय म्हटल्यावर बाहेरचेही वाचणार, तेव्हा सांगून टाकतो. गुळाच्या पाण्यात कणीक मळायची, तिची तळहाताएवढी जाड चांदकी थापायची, नक्षी कोरलेल्या पाटावर दाबायची आणि तव्यावर भाजायची. तव्याखाली निखारे, आणि वरून झाकलेल्या परातीतही निखारे. दोन्हीकडून धग लागली की घरभर गुळाचा आणि बडीशेपेचा वास सुटतो. मोहरमात पिरापुढं हा नैवेद्य ठेवतात. वास असा की वाटेनं चाललेला थांबावा, आणि खायला असा कडक की थांबलेल्यानं पस्तावावं. दात असतील त्यानं फोडून खावा, नसतील त्यानं कपाळाला लावून नातवंडाच्या हातात द्यावा. चोंगा असाच असतो असं आमच्या गल्लीचं मत होतं, आणि आमची गल्ली एकदा केलेलं मत सहसा बदलत नाही.

ही गोष्ट शाहू महाराज गादीवर येऊन दहा-बारा वर्षं झाली होती तेव्हाची. गल्लीच्या तोंडाला तालीम. एरवी तिथं पोरं तांबड्या मातीत घुमायची. मोहरम आला की त्याच तालमीत पिराचे धातूचे पंजे बसायचे. पंजे उचलायला मराठ्यांची पोरं पुढं, ताबुताला कागद चिकटवायला झाडून सगळी गल्ली. चोंग्यांचा मान मात्र एकाच घराचा, मेहमुदाचा. मेहमुदाचा नवरा पिंजारी होता, तो प्लेगात गेला. आता मुलगा दस्तगीर कापूस पिंजून गाद्या भरायचा आणि घर मेहमुदा चालवायची. चालवायची म्हणजे आवाजावर चालवायची. तिनं घरात सुनेला हाक मारली की तालमीतला पैलवान जोर मारायचा थांबायचा.

चोंग्यांचा गहू यायचा समोरच्या घरातल्या चिमणाबाईकडून. प्लेगाच्या साली सगळं गाव रानात झोपड्या बांधून राहिलं होतं, तेव्हा तिच्या बाळासोला जांघेत गाठ आली. चिमणाबाई झोपडीच्या दारातूनच तालमीकडं तोंड करून नवस बोलली, की पोर वाचलं तर माझ्या रानातला गहू दर साली पिराच्या चोंग्याला देईन. पोर वाचलं. तेव्हापासून दर साली एक पायली गहू वेगळा निघायचा. मोहरमाच्या नवव्या दिवशी पहाटे अंघोळ करून चिमणाबाई तो स्वतः जात्यावर दळायची आणि पिठाची पाटी डोक्यावर घेऊन समोरच्या घरात पोचवायची. नवसाचं पीठ तेवढंच. कमी पडलं, सांडलं, बिघडलं, तरी त्यात दुसरं मिसळायचं नाही. आणि पिरापुढं फातेहा पढून झाल्याशिवाय कणभरही जिभेवर ठेवायचं नाही. मेहमुदा तर करताना तोंडावरून पदर घट्ट बांधून घ्यायची, नैवेद्यावर श्वाससुद्धा पडायला नको म्हणून. आवाज तेवढा त्या पदरातूनही पार पलीकडं जायचा.

चोंग्यांचा पाट सागवानी, पिढ्यान्‌पिढ्यांचा. कडेनं वेल आणि मधोमध उघडा पंजा कोरलेला. पण पंजाची पाच बोटं चोंग्यावर पाच म्हणून कधी उमटली नाहीत. कणीक ताठ, दाबली की पुन्हा मागं सरायची, आणि भाजून निघेपर्यंत कुठं तीन बोटं राहायची, कुठं साडेतीन. गल्लीतली पोरं त्याच्यावर पैजा लावायची.

आता नजीराचं सांगतो. नजीरा ही मेहमुदाची सून, गगनबावड्याची. तिकडं पाऊस सुरू झाला की थांबायचं नाव घेत नाही, आणि रानात भात नाहीतर नाचणी. गहू त्या लोकांना पावण्याच्या ताटात दिसायचा, तोही कधीमधी. लग्न होऊन आली तेव्हा शाळूची भाकरीसुद्धा तिला थापता येत नव्हती. ती शिकली, चांगली शिकली. मेहमुदानं तिला सगळं करू दिलं, मटणाचा मसालासुद्धा तिच्या हाती दिला. पण गव्हाच्या पिठाला हात लावू दिला नाही.

"तांदळाच्या हाताला गहू कळत न्हाय," मेहमुदा सगळ्यांदेखत म्हणायची.

नजीराला ते फार लागायचं. चोंग्यांच्या दिवशी तिचं काम एकच, फुंकणी घेऊन चुलीपुढं बसायचं आणि निखारे फुलवायचे. राखेनं डोळे चुरचुरायचे, आणि राखेचं निमित्त करून ती थोडं रडूनही घ्यायची. पाटापुढं जी बसते ती घरची, आणि फुंकणी धरून बसते ती अजून बाहेरून आलेली, असं तिच्या मनानं धरलं होतं. एकदा तरी तो पाट आपल्यापुढं यावा, एवढंच तिला हवं होतं.

त्या साली मोहरमाच्या ऐन आधी मेहमुदा विहिरीच्या ओल्या पायरीवरून घसरली आणि उजवा हात मनगटात मोडला. तालमीचा वस्ताद केरबा हाडं बसवण्यात नाणावलेला. त्यानं हात ओढून सरळ केला, हळद आणि तेल चोपडून कळकाच्या पट्ट्या बांधल्या आणि बजावलं, "महिनाभर ह्या हातानं माशीबी हाकलायची न्हाय."

बातमी मेहमुदाची धाकटी जाऊ खतिजा हिच्यापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? ती पलीकडच्या गल्लीत राहायची. कागलची लेक, गव्हाच्या मुलखातली; तिच्या पोळ्या खरोखर चांगल्या व्हायच्या, हे सांगितलंच पाहिजे. ती विचारपूस करायला आली आणि बसता बसता तिचे डोळे खुंटीवर टांगलेल्या पाटाकडं गेले.

"भाभी, यंदा चोंगं मी करती. हात बरा होईस्तोवर पाट माझ्याकडं असूंदे."

हात बरा झाल्यावर पाट परत येणार नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. मान असा एकदा उंबरा ओलांडून गेला की तिकडंच मुरतो.

"कशापायी? माझी सून हाय की," मेहमुदा म्हणाली. मनात तिच्या तसलं काही नव्हतं. पण राग आला की तिचं तोंड आधी धावायचं आणि डोकं मागून यायचं.

खतिजा हसली. "ही भातवाली? भाभी, पिराचं काम हाय ते. बिघडलं तर?"

"बिघडलं तर ह्यो पाट गल्लीसमोर तुझ्या हातात देते. कायमचा. मग तर झालं?"

नजीरा दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं ते ऐकलं आणि तांब्या खाली ठेवायचंही तिला सुचेना. जे हवं होतं ते मिळालं होतं, पण पैजेवर लावल्यासारखं मिळालं होतं.

नववा दिवस उजाडला. चिमणाबाई डोक्यावर पाटी घेऊन आली, आणि पाटापुढं नजीरा बसलेली बघून तिनं पाटी खाली ठेवायच्या आधीच तोंड उघडलं.

"ही करणार? अगं मेहमुदा, माझ्या बाळासोचा नवस हाय त्यो! बिघडला म्हंजे पिराला काय तोंड दावू मी?"

"बस गप. मी हाय न्हवं सांगायला?" मेहमुदा म्हणाली. गळ्यात हात अडकवून ती पाटाशेजारी बसली होती आणि तोंडाला पदर बांधून हुकूम सोडत होती. "नजीरा, गूळ फोड. पाण्यात घाल. उकळी फुटू दे चांगली. गुऱ्हाळातला नवा गूळ हाय, रेव असती त्यात, फडक्यानं गाळून घे. आन्‌ मग पिठात घाल. बडीशेप घे. तूप लई नको."

नजीरानं सगळं मनात घोकलं. तेवढ्यात बाहेरच्या सोप्यातून केरबा वस्तादाची हाक आली. पट्ट्या सैल झाल्यात का बघायला तो आला होता. मेहमुदा उठून बाहेर गेली. चिमणाबाई तिच्या मागोमाग गेली, कारण दुसऱ्याचं हाड बघायला कुणाला आवडत नाही?

आत नजीरा एकटी राहिली. गुळाला उकळी फुटली. तिनं फडकं धरून पाणी गाळलं. खाली लालसर, वाफाळतं पाणी, आणि शेजारी परातीत पांढरंशुभ्र पीठ. सासू काय म्हणाली होती? उकळी फुटू दे, गाळ, आणि पिठात घाल. तिनं घातलं. उकळतंच घातलं.

तिला दुसरं सुचणार कसं? तिच्या आईच्या चुलीवर पीठ म्हणजे तांदळाचं, आणि तांदळाच्या पिठाची उकडच काढायची असते. आधणाशिवाय ते पीठ धरतच नाही. लहानपणापासून तिनं हेच बघितलं होतं. लाटण्याच्या टोकानं तिनं भराभरा ढवळलं, वर झाकण ठेवलं, वाफ मुरू दिली. मग गार पाण्यात हात बुडवत बुडवत ती चटके देणारी कणीक मळायला घेतली. सकाळपासून पहिल्यांदाच तिला हलकं वाटलं. बोटं आपोआप चालत होती. तिला आईची आठवण आली, आणि ती पदराआड हसली.

मेहमुदा आत आली तेव्हा परातीतून वाफ निघत होती.

तिनं आधी वाफेकडं बघितलं, मग सुनेच्या लालबुंद हातांकडं. "ह्ये काय केलंस?"

"मळली की, अम्मा."

"गरम पाण्यात?"

"तुमीच म्हणालासा उकळी फुटू दे."

"उकळी गूळ इरघळायला! मग गार नको करायला? गव्हात कोण आधण घालतंय? उकड काढलीस? गव्हाची उकड?"

"गार करायचं सांगिटलं न्हाईसा," नजीरा हळूच म्हणाली.

"सांगायचं? ह्ये काय सांगायचं असतंय?"

गार पाणी घ्यायचं हे कोल्हापुरात कुणी कुणाला कधी सांगितलंच नव्हतं. मेहमुदालाही तिच्या सासूनं सांगितलं नव्हतं. जे सगळ्यांना ठाऊक असतं ते सांगायचं राहूनच जातं, आणि मग बावड्याची एखादी पोर येते नि असं होतं.

चिमणाबाईनं परातीत डोकावून बघितलं आणि मटकन खाली बसली. "जुन्या जुंधळ्याला ऊन पाणी घालत्यात, त्याला इरी नसती, पीठ धरत न्हाय म्हणून. माझा गहू कालपरवा खळ्यावरनं आलाय गं! त्याला कशाला आधण? आता ह्ये चिकाट पिराच्या पुढं ठेवायचं?"

दुसरं पीठ नव्हतं. दुकानात होतं, पण नवसाचं नव्हतं. नुसती चव घेऊन बघावी तर तेही नाही. चोंगे बरे होणार की वाईट, हे आता फातेहानंतरच, सगळ्या गल्लीच्या तोंडात गेल्यावर कळणार होतं.

शेवटी नजीराच बोलली.

"आता हेच करायचं, अम्मा. बिघडलं तर तुमी कुणाच्या हातात पाट देऊ नगासा. मीच डोक्यावर घेऊन चाचीच्या घरात ठेवून येते. गल्लीनं बघू दे मला."

मेहमुदानं सुनेकडं नीट बघितलं. मला वाटतं, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच बघितलं. मग नाकावरचा पदर वर सारला आणि म्हणाली, "थाप मग. बघतीस काय?"

नजीरानं गोळा घेतला, चांदकी थापली, पाटाला तुपाचा हात फिरवला आणि चांदकी त्यावर दाबली. दर साली मेहमुदा गुडघा टेकवून, अंगाचं वजन टाकून दाबायची. ही कणीक मऊ, तळव्यानंच दबली. नजीरानं कड धरून ती सोडवली आणि उलटी करून तव्यात ठेवली.

तिघीही वाकल्या. वेल उमटला होता, पानापानासकट. मध्ये पंजा होता. अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी.

मेहमुदानं डाव्या हाताचं बोट हवेत फिरवत एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. आपल्या हयातीत तिनं त्या पाटाची करंगळी चोंग्यावर बघितली नव्हती. तिनं तव्यावर निखाऱ्यांची परात झाकली आणि म्हणाली, "वरचं निखारं कमी ठेव. जळायला नको."

चोंगे भाजून टोपलीत पडायला लागले होते, तोवर खतिजा आली. मुद्दामच आली होती, पाट न्यायला स्वच्छ फडकंही घेऊन आली होती. तिनं टोपलीवरचं झाकण उचललं.

"हे असं कसं हो भाभी? रंग तांबडा नाही, अंग ताठ नाही. बोटानं दाबलं की दबतंय." मग परातीतल्या उरलेल्या कणकेला हात लावून ती ओरडलीच. "ही ऊन हाय! पोरीनं उकळत्या पाण्यात मळलीय! बघा, बघा आता!"

नजीरानं मान खाली घातली. आता सासू काय बोलणार हे तिला ठाऊक होतं. घरात कुठलंही भांडं पडलं तरी मेहमुदा आधी सुनेचं नाव घ्यायची, मग भांडं उचलायची.

मेहमुदा म्हणाली, "मीच सांगितलं तिला तसं."

खतिजा बघतच राहिली. "तुमी?"

"व्हय, मी. मान कुणाचा हाय? माझ्या घरात कणीक कशी मळायची ते मी ठरवणार का तू?"

"चिमणाक्का, खरं का हो हे?"

चिमणाबाई बिचारी पेचात पडली. नवसाचा दिवस, पुढ्यात पिराचा नैवेद्य. तिनं एकदा टोपलीकडं बघितलं, एकदा नजीराच्या भाजलेल्या तळव्यांकडं बघितलं आणि ठणकावून सांगितलं, "मी हितंच हुते की. माझ्या कानानं ऐकलंय, मेहमुदानंच सांगितलं." आणि खतिजाची पाठ वळताच तालमीकडं तोंड करून स्वतःच्या दोन्ही गालांवर हळूच मारून घेतलं.

नजीराच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. या खेपेला चुलीपासून ती लांब होती, राखेचं निमित्त करायलाही वाव नव्हता. सासू आपल्यासाठी खोटं बोलली, हे तिच्यानं सोसवेना. पाट गेला असता तरी चाललं असतं असं तिला त्या घडीला वाटलं. पण कणीक उरली होती. ती पुन्हा थापायला बसली.

दिवेलागणीला टोपली तालमीत गेली. ऊद जळत होता, पंजांना फुलांचे हार चढले होते. पिराची सेवा करणाऱ्या मुजावरानं फातेहा दिला आणि टोपलीवरचं फडकं काढलं. पुढची पोरं ओरडली, "पाच! पाच बोटं!" सगळे उठून बघायला लागले. पैज लावलेल्यांची तर भांडणंच जुंपली, कारण पाचावर कुणीच लावली नव्हती. पण नुसत्या बोटांवर नैवेद्य पास होत नाही. खतिजा खांबाला टेकून उभी होती, हातात ते फडकं. ती बघत होती पुढं काय होतंय ते.

रिवाज असा की पहिला चोंगा गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला. ते म्हणजे चिमणाबाईचे सासरे, आकाराम. तोंडात एकही दात नाही. दर साली ते दोन्ही हातांनी चोंगा घेत, कपाळाला लावत, आणि शेजारी ओंजळ धरून उभ्या असलेल्या नातीला देत. नातीचं नाव बाळाबाई, वय पाच-सहा वर्षांचं, आणि आजोबांच्या चोंग्यावर तिचा हक्क हे ती दूध पीत होती तेव्हापासूनच ठरलेलं. ती ओंजळ धरून उभीच होती.

आकारामनी चोंगा घेतला, कपाळाला लावला. खाली घेताना तो त्यांच्या हातात वाकला. त्यांनी थांबून त्याच्याकडं बघितलं. एक तुकडा तोडला. तो आवाज न करता तुटला. त्यांनी तो तोंडात टाकला.

आकारामच्या हिरड्यांचा आवाज पार तालमीच्या दारापर्यंत यायला लागला. मेहमुदानं मोडका हात चांगल्या हातानं धरून ठेवला होता. नजीरा बायकांच्या मागं भिंतीला लागून उभी होती आणि तिचे ओठ काहीतरी पुटपुटत होते. म्हाताऱ्यानं दुसरा तुकडा तोडला. मग तिसरा. बाळाबाईची ओंजळ हळूहळू खाली आली.

"आज्या, माझा चोंगा!" ती शेवटी किंचाळली आणि भोकाड पसरलं.

"थांब की गं," आकाराम तोंड भरलेलं असतानाच म्हणाले. "तुला दात हाईत, तू काय बी खाशील." आणि उरलेलाही तोंडात टाकला. हात पुसत ते मुजावराकडं वळले. "आणिक एक हाय का?"

मग काय विचारता, हशा पिकला. टोपली फिरली. ज्यांनी वर्षानुवर्षं चोंगा नुसता कपाळाला लावला होता त्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी त्या दिवशी तो खाल्ला. एका म्हातारीनं खाता खाता डोळे पुसले. दातवाल्या पोरांना मात्र तो पसंत पडला नाही. फोडायची मजाच गेली म्हणाली.

आकाराम दुसरा चोंगा संपवून बोलायला लागले. "आज किती सालानं असला खाल्ला! मी शेंबडा हुतो तवा असाच असायचा. मऊ. ह्या घरात तवा मेहमुदाच्या सासूची सासू हुती. ती बी घाटाकडचीच हुती बग. बावड्याची."

आता हे खरं की काय, देव जाणे. आकारामना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे, आणि गोड खाल्लं की त्यांना हवं ते आठवायचं. पण मेहमुदानं ते हवेतच झेललं.

"बघ!" ती खतिजाकडं वळून ओरडली. "मी उगंच सांगितलं व्हय तसं करायला? ह्यो आमच्या घरचा जुना रिवाज हाय!"

खतिजा चोंगा चावत होती. तिनं सावकाश चावून गिळला. बाई पाटासाठी हावरी असेल, पण चांगल्या कणकेशी खोटं बोलणारी नव्हती. फडक्याची घडी करून तिनं कमरेला खोचली आणि विचारलं, "भाभी, पाणी उकळतंच घालायचं, का जरा निवू द्यायचं?"

"मला काय इचारतीस?" मेहमुदा म्हणाली. "माझ्या सुनेला इचार. कणीक तिनं मळलीय."

बायका बाजूला झाल्या आणि भिंतीशी उभी असलेली नजीरा सगळ्यांना दिसली. तिनं बोलायला तोंड उघडलं, आणि बोलता बोलता ती हसायला लागली. "उकळतंच घालायचं, चाची," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

घरी आल्यावर मेहमुदानं आपल्या वाटणीचा चोंगा डाव्या हातानं तोडून शेवटपर्यंत खाल्ला. तिच्याही दाढा गेलेल्या होत्या, हे तिनं आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं. आपला चोंगा ती दर साली गुपचूप दस्तगीरच्या ताटात सरकवायची. खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "बडीशेप कमी पडली." याहून जास्त कौतुक तिनं जन्मात कुणाचं केलं नव्हतं.

पुढचा मोहरम आला. मेहमुदाचा हात केव्हाच बरा झाला होता. त्याच हातानं ती पुन्हा कळशी उचलायची आणि शेजारणीला हातवारे करून भांडायची. गल्लीत कुजबुज सुरू झाली, की आता पाट पुन्हा सासूकडं जाणार आणि चोंगे पुन्हा दगड होणार. आकाराम तर चिमणाबाईला रोज विचारत, "कोण करणार हाय गं यंदा?"

नवव्या दिवशी चिमणाबाई पिठाची पाटी घेऊन आली तेव्हा तिच्याही मनात तेच होतं. नजीरानं पाट खुंटीवरून काढून, पुसून, रिवाजाप्रमाणं सासूच्या जागेपुढं मांडला आणि फुंकणी घ्यायला ती चुलीकडं वळली. फुंकणी जागेवर नव्हती.

मेहमुदा तोंडाला पदर बांधून चुलीपुढं बसली होती. फुंकणी तिच्या हातात होती, निखारे फुलले होते, आणि वर पातेल्यात गुळाच्या पाण्याला उकळी फुटायला लागली होती. राखेनं तिचे डोळे लाल झाले होते.

"बघत काय उभी ऱ्हायलीस?" ती पदरातूनच ओरडली, आणि तालमीतला पैलवान जोर मारायचा थांबला. "पाटापुढं बस. आधण आलंय."